शाळेची घंटा थांबल्यावर : एडीएचडी असलेल्या मुलाची मे महिन्याची सुट्टी एकट्या पालकाने कशी आखावी

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो त्या दिवशी बहुतेक घरांत मोकळे वाटते. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, तो सात वर्षांचा असताना त्याला एडीएचडीचे (लक्ष आवरणे, स्वस्थ बसणे आणि आवेग रोखणे जड जाते अशा मेंदूविकासाच्या अवस्थेचे) निदान झाले, आणि आमच्या घरात मिळवणारी, रांधणारी, रागावणारी आणि समजूत काढणारी मोठी व्यक्ती एकच आहे. राज्य मंडळाच्या शाळांना साधारणपणे मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते आणि विदर्भात ती उन्हामुळे आणखी लांबते. निदान झाल्यापासून अशा तीन सुट्ट्या मी काढल्या आहेत. त्यांपैकी पहिली पूर्णपणे फसली आणि दुसरी अर्धीमुर्धी साधली. तिसरीत जे टिकले, ते येथे क्रमाने मांडते.

सुट्टी लागली की मुलाच्या आयुष्यातून नेमके काय निघून जाते, हे आधी समजून घ्यावे लागते. एडीएचडी असलेल्या मुलाला लक्ष देताच येत नाही, हा गैरसमज आहे. हेच मूल कागदाचे विमान बनवताना दोन तास मान वर करत नाही. लक्ष कुठे द्यायचे, केव्हा काढून घ्यायचे, एखादे काम सुरू कसे करायचे, किती वेळ गेला आणि आत्ता काय सांगितले होते, या गोष्टी सांभाळणारी मेंदूतली व्यवस्था त्याच्या वयाच्या मानाने मागे असते. म्हणून ती व्यवस्था बाहेरून पुरवावी लागते आणि शाळा ती काही प्रमाणात नकळत पुरवत असते: घंटा होते, तास बदलतो, शेजारचा मुलगा वही काढतो म्हणून हाही काढतो. सुट्टीत हा सगळा सांगाडा एका दिवसात उतरवला जातो आणि त्याची जागा आपण घेतो. ऊठ, दात घास, दूध संपव, पंखा बंद कर, चप्पल जागेवर ठेव, असे आपण सकाळपासून घंटेसारखे वाजत राहतो. दोन पालकांच्या घरात या घंटेची पाळी बदलू शकते. एकट्या पालकाच्या घरात घंटाही तीच, शिक्षाही तीच आणि कुशीही तीच असल्यामुळे चौथ्या दिवसापर्यंत मुलाला त्या आवाजाचा अर्थच उरत नाही. पुढे सांगितलेल्या सगळ्या उपायांचा हेतू एकच आहे: ही घंटा आपल्या तोंडातून काढून भिंतीवर, घड्याळात, जागेत आणि इतर माणसांत वाटून टाकणे.

एप्रिलमध्येच करावयाची कामे

मुलाला औषध सुरू असेल तर सुट्टीपूर्वी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि सुट्टीत औषध चालू ठेवायचे की नाही, हा प्रश्न स्वतःहून विचारावा. मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचे नेहमीचे औषध घेणाऱ्या काही मुलांची भूक आणि वजन सावरण्यासाठी डॉक्टर सुट्टीत औषधाला विश्रांती देतात. काही मुलांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांना रस्त्यावर धावत सुटण्याची किंवा उंचावरून उडी मारण्याची सवय असते त्यांना, ते चालू ठेवणेच सुरक्षित असते. हा निर्णय आजीचा, शेजाऱ्यांचा किंवा आपला एकट्याचा नव्हे. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागत असल्यामुळे ते मेमध्ये परस्पर थांबवून जूनमध्ये पुन्हा सुरू केले, तर शाळेचे पहिले आठवडे औषधाच्या परिणामाविनाच जातात.

दुसरी बाब पुरवठ्याची. मिथिलफेनिडेट हे औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते, त्यामुळे त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार स्वतःकडे ठेवतो आणि वेगळा परवाना असलेल्या मोजक्याच दुकानांत ते मिळते. गावी गेल्यावर गोळ्या संपल्या, तर तालुक्याच्या ठिकाणीही त्या मिळतील असे धरून चालू नये. पहिल्या वर्षी मी नेमकी याच भ्रमात राहिले आणि चार दिवस आधी परत आले. गोळ्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत आणि मुलाच्या हाती पडतील अशा जागी तर मुळीच ठेवू नयेत.

तिसरी बाब रजेची. केंद्र शासनाच्या नोकरीत महिलांना आणि एकट्या पुरुष पालकांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते, राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना ती १८० दिवसांची आहे. माझ्यासारख्या खासगी कचेरीतल्या माणसाला असे काही नसते, तेव्हा असलेली रजा कशी खर्च करावी हा खरा प्रश्न असतो. माझा अनुभव असा की सलग आठ दिवस रजा घेण्यापेक्षा ती तुकड्यांत घ्यावी: सुट्टीचे पहिले तीन दिवस पूर्ण आणि त्यानंतर दर बुधवारी अर्धा दिवस. पहिले तीन दिवस यासाठी की नवी घडी तेव्हाच बसते किंवा बिघडते. बुधवार यासाठी की आठवड्याच्या मध्यापर्यंत सांभाळणाऱ्या माणसाचा धीर सुटत आलेला असतो.

चार खुंट्या

पहिल्या वर्षी मी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तासवार वेळापत्रक रंगीत पेनांनी आखले होते. ते तिसऱ्या दिवशी फाटले, आणि ते फाडणारा माझा मुलगा नव्हता. तासवार वेळापत्रकातला एक तास हुकला की पुढचे सगळे हुकतात आणि मुलाच्या वाट्याला दिवसभर केवळ 'तू चुकलास' एवढेच येते. आता मी दिवसाला चारच खुंट्या मारते आणि बाकीचा दिवस त्यांवर सैल लटकू देते. सकाळचे उठणे, नाश्ता आणि गोळी ही पहिली खुंटी. दुपारचे जेवण दुसरी. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर मैदान तिसरी. आणि रात्रीची झोप चौथी. या चार वेळा रविवारी, पाहुणे आले असताना आणि माझा मूड नसतानाही हलत नाहीत. मधल्या वेळेत काय चालले आहे याबद्दल मी पुष्कळ उदार असते.

यांपैकी उठण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. शाळेच्या दिवसांपेक्षा तासभर उशीर चालेल, त्याहून अधिक नको, कारण उशिरा उठलेले मूल उशिरा गोळी घेते, तिचा परिणाम रात्रीपर्यंत रेंगाळतो, झोप उशिरा येते आणि दुसरा दिवस आणखी उशिरा उगवतो. मिथिलफेनिडेटने दुपारची भूक मरते, म्हणून गोळीआधीचा नाश्ता भरपूर असावा: थालीपीठ आणि लोणी, अंडे, भिजवलेले शेंगदाणे घातलेले पोहे. गोळीचा अंमल उतरल्यावर संध्याकाळी मूल खा-खा करते, तेव्हा 'आता जेवणाची वेळ नाही' असे म्हणू नये. दुपारी राहिलेले जेवण ते तेव्हा भरून काढत असते.

खुंट्या भिंतीवर दिसल्या पाहिजेत. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक मोठा कागद लावावा, त्यावर चार चित्रे असावीत आणि आज आपण कुठे आहोत हे दाखवायला कपड्याचा एक चिमटा असावा, जो मुलाने स्वतः पुढे सरकवायचा. चित्रे मुलानेच काढलेली असतील तर उत्तम. आमच्या कागदावरची झोप ही तोंड उघडे टाकून घोरणारी आई आहे. 'मघाशी काय सांगितले होते?' या प्रश्नाऐवजी 'चिमटा कुठे आहे?' असे विचारता येते, आणि दुसऱ्या प्रश्नावर भांडण होत नाही.

वेळ दिसण्यासाठी काट्यांचे घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर वापरावा. 'दहा मिनिटांत आवर' हे वाक्य या मुलांसाठी निरर्थक असते, कारण दहा मिनिटे म्हणजे किती हे त्यांना आतून कळत नाही. 'मोठा काटा चारवर आला की' किंवा 'कुकरची तिसरी शिट्टी झाली की' हे कळते. शिट्टीवर रागावताही येत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

दुपार

उन्हाळी सुट्टीचा खरा कस बारा ते पाच या वेळेत लागतो. बाहेर ऊन, आत उकाडा, शेजारी झोपलेले आणि मूल चेंडूसारखे भिंतीवर आपटत असलेले. शांत बसण्याची अपेक्षा ठेवण्यापूर्वी शरीराची रग जिरवावी लागते. म्हणून सकाळी आठच्या आत अर्धा-पाऊण तास धावणे, सायकल किंवा दोरीच्या उड्या व्हाव्यात आणि दुपारी सावलीत जड कामे द्यावीत. पाण्याने भरलेली कळशी उचलणे, गाद्या ओढणे, कणीक तिंबणे, ओल्या फडक्याने फरशी पुसणे, अशी ओढण्या-ढकलण्याची कामे केल्यावर माझा मुलगा निवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. वाळवणाचे दिवस या बाबतीत देणगी आहेत. पापड लाटताना तो दहा मिनिटांत कंटाळतो, पण गच्चीवर सकाळी कुरडया नेऊन घालणे आणि संध्याकाळी गोळा करून आणणे हे त्याचे ठरलेले काम आहे, त्यात धावपळ आहे आणि शेवटी डबा भरलेला दिसतो. कैरीचे पन्हे करणे हे तर मापे, ढवळणे आणि चव अशा तिन्ही अंगांनी सोयीचे काम आहे. खेळात गुंगलेले मूल तहान विसरते, म्हणून पाण्याची बाटली त्याच्या खेळण्याच्या जागेजवळच ठेवावी.

घरातल्या खेळण्याच्या वस्तूंपैकी अर्ध्या सुट्टीपूर्वीच माळ्यावर टाकाव्यात आणि दर सोमवारी एक खोके खाली काढून दुसरे वर टाकावे. या मुलांना नवेपणाची ओढ फार असते. नवे विकत घेण्यापेक्षा विसरलेले परत दाखवणे स्वस्त पडते. 'कंटाळा आला' हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येते, त्यासाठी एका डब्यात चिठ्ठ्या टाकून ठेवाव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर लगेच सुरू करता येईल असे एकच काम लिहावे. 'काहीतरी चित्र काढ' अशी चिठ्ठी निकामी ठरते. 'आपल्या गॅसच्या शेगडीचे चित्र काढ' ही चालते.

चिंचोक्यांची बरणी

महिन्याअखेरीस सायकल घेऊन देण्याचे आमिष या मुलांपुढे टिकत नाही. दूरचे बक्षीस त्यांच्यासाठी जवळपास नसल्यासारखेच असते. बक्षीस लहान असावे, ताबडतोब मिळावे आणि डोळ्यांना दिसावे. आम्ही काचेच्या बरणीत चिंचोके टाकतो. खुंटी वेळेवर गाठली की दोन, पहिल्या हाकेला उत्तर दिले की एक, राग आल्यावर मारण्याऐवजी गॅलरीत निघून गेला तर तीन. रात्री त्यांचा हिशेब होतो आणि त्याच दिवशी ते खर्च होतात: पाच चिंचोक्यांना एक गोष्ट जास्त, दहांना पत्त्यांचा एक डाव माझ्याबरोबर, पंधरांना रात्रीच्या भाजीची निवड. मिळालेला चिंचोका शिक्षा म्हणून कधीही परत घेऊ नये. मी एकदा घेतला होता आणि त्यानंतर आठवडाभर बरणीला कोणी विचारले नाही.

सूचना देताना जवळ जावे, नाव घ्यावे, खांद्याला स्पर्श करावा आणि एकच गोष्ट सांगावी. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेल्या तीन सूचनांपैकी त्याच्यापर्यंत एकही पोहोचत नाही, आणि मग 'ऐकतच नाही' हा शिक्का बसतो.

पडदा आणि क्रिकेट

मोबाइल पूर्णपणे बंद करावा असे सांगणाऱ्यांनी एका खोलीत मे महिन्याची दुपार एडीएचडीच्या मुलाबरोबर आणि कचेरीच्या फोनबरोबर काढून पाहावी. मी तो बंद केलेला नाही, त्याला ठरावीक जागा दिली आहे. जेवणानंतरचा एक तास आणि मैदानाहून आल्यावरचा अर्धा तास, तोही मधल्या खोलीत, आणि एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करून. सकाळी मात्र पडदा अजिबात नको, कारण सकाळी तो चाखला की दिवसभर बाकी सगळे अळणी लागते. पडदा बंद झाल्यानंतर लगेच काय, हे आधीच ठरलेले असावे, आणि ते खाण्याचे असेल तर तो बदल निम्म्या कष्टात होतो.

आयपीएलची गोष्ट वेगळी. सामना साडेसातला सुरू होतो आणि अकराच्या पुढे जातो, तेवढ्यात आमची चौथी खुंटी निखळते. आम्ही तोडगा काढला तो असा: पहिल्या डावाचा शेवटचा चेंडू पडला की दिवा बंद, आणि दुसऱ्या डावाचा निकाल मी कागदावर लिहून त्याच्या उशाशी ठेवते. सकाळी उठण्यासाठी याहून चांगले कारण मला अजून सापडलेले नाही.

इतर माणसे

एकट्या पालकाला कोणाची तरी मदत घ्यावीच लागते, आणि मदत करणाऱ्याला मूल कसे आहे हे सांगावेच लागते. पाळणाघरातील ताई, आजी, कॉलेजात शिकणारी शेजारची मुलगी, जी कोणी दुपारी असेल तिला आजाराचे नाव आणि लक्षणांची यादी ऐकवण्यापेक्षा अर्ध्या पानावर पाच ओळी लिहून द्याव्यात: याला बसून नव्हे तर उभे राहून जेवू द्या, चिडला की प्रश्न विचारू नका, पाणी द्या, दाराला वरची कडी लावा, गोळी मीच देते, अमुक झाले तर मला फोन करा. त्याच कागदाची एक प्रत, मूल सुट्टीचे काही दिवस दुसऱ्या पालकाकडे जाणार असेल तर, त्याच्या पिशवीत जावी. आपसातले मतभेद कितीही असोत, झोपेची वेळ आणि गोळी या दोन गोष्टी दोन्ही घरांत सारख्या राहाव्यात, एवढ्यापुरता तरी निरोप पोहोचला पाहिजे.

शिबिर निवडताना जाहिरातीतील कलांची संख्या पाहू नये. एका शिक्षकामागे मुले किती, मुलांना हलण्या-फिरण्याची मुभा आहे का, आणि एखादे मूल उठून गेले तर काय करता, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला 'आमच्याकडे शिस्त असते' असे उत्तर आले तर नमस्कार करून परतावे. दोन तासांचे एकच शिबिर, शक्यतो पोहणे, मल्लखांब किंवा ज्यूदोसारखे, पुरेसे असते. सुलेखन, अबॅकस आणि वैदिक गणित ही तिन्ही एकाच मे महिन्यात लादू नयेत.

आजोळी गेल्यावर दोन गोष्टींची तयारी ठेवावी. एक म्हणजे विहीर, शेततळे, ट्रॅक्टर आणि गच्ची. अशा मुलांना अपघात इतर मुलांपेक्षा अधिक होतात, आणि 'सगळी पोरे आहेत ना बरोबर' हे कोणाचेच लक्ष नसण्याचे दुसरे नाव आहे. कोणत्या वेळी कोण पाहणार हे नावानिशी ठरवून घ्यावे आणि पोहता येत असले तरी मोठ्या माणसाशिवाय पाण्यात उतरू देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे बोलणी. 'दोन धपाटे दिले की सरळ होईल', 'बापाचा धाक नाही ना', 'तूच लाडावून ठेवलास' ही वाक्ये ओसरीवर मुलाच्या देखत बोलली जातात. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, संगोपनातल्या लाडाने तो होत नाही, हे मी आता एकदाच, शांतपणे, वडीलधाऱ्यांपैकी सर्वांत समंजस व्यक्तीला बाजूला घेऊन सांगते आणि पुढचे त्यांच्यावर सोपवते. माझ्या मामांनी हे काम माझ्यापेक्षा चांगले केले. ते म्हणाले, मीही लहानपणी असाच होतो, मला मारून काय झाले ते तुम्ही पाहताच आहात.

स्वतःपुरते

आनुवंशिकतेचा मुद्दा इथेही लागू होतो. वेळापत्रक पाळणे आपल्यालाही जड जात असेल, बिले विसरत असतील, कामे अर्धवट राहत असतील, तर आपलीही तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही. ती होईपर्यंत निदान एवढे करावे की भिंतीवरचा कागद दोघांसाठी आहे असे मानावे.

रोज रात्री मूल झोपल्यावर अर्धा तास घरकामाला हात लावू नये. भांडी सकाळी घासता येतात. आपल्यासारखाच एखादा एकटा पालक ओळखीचा असेल तर शनिवार आळीपाळीने वाटून घ्यावेत: एका शनिवारी दोन्ही मुले त्यांच्याकडे, पुढच्या शनिवारी आपल्याकडे. मी हात उगारण्याच्या बेतात येते तेव्हा स्नानगृहात जाऊन नळ सोडते आणि वीसपर्यंत मोजते. त्यापूर्वीच ओरडून झाले असेल तर नंतर 'मी ओरडले, ते चुकले, आता पुढचे काय ते पाहू' एवढेच म्हणते, कारण लांबलेली माफी हीसुद्धा त्याच्यासाठी एक लांबलेली सूचनाच असते. अगदीच असह्य झाले तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते.

पैशांची ओढाताण असेल तर दोन सरकारी वाटा माहीत असाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे आणि जिल्हा पातळीवरील डीईआयसी (मुलांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या) केंद्रात तपासणीसाठी विचारणा करता येते. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली असून अटींत बसत असल्यास जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करता येतो.

जूनकडे

शाळा उघडण्याच्या दहा दिवस आधीपासून उठण्याची वेळ रोज पाच-सात मिनिटांनी अलीकडे आणावी, म्हणजे पहिल्या दिवशी एकदम तासाभराची उडी घ्यावी लागत नाही. पुस्तकांना कव्हरे घालण्याचे काम एका रात्रीत उरकू नये; रोज एक पुस्तक, त्याच्या हातून, कडा वाकड्या झाल्या तरी चालतील. गणवेश आणि बूट आठवडाभर आधी घालून पाहावेत, कारण शिवणीचा टोचणारा दोरा हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शाळेत न जाण्याचे पुरेसे कारण ठरले होते. नव्या वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटून तोच पाच ओळींचा कागद थोडा बदलून द्यावा.

भिंतीवरचा कागद मात्र फेकू नये. कोणती खुंटी कोणत्या दिवशी निखळली, हे मी त्यावर पेन्सिलीने लिहिलेले असते. मागच्या वर्षीच्या कागदावर सर्वाधिक फुल्या जेवणाच्या खुंटीवर आहेत, तेव्हा येत्या एप्रिलमध्ये दुपारचे जेवण अर्धा तास अलीकडे घेऊन पाहणार आहे.